मदत हवी आहे: एडिसनची प्रयोगशाळा, गुडघेदुखीवाल्यांसाठी

लातूरचे दोघे ज्येष्ठ जूनमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसन गावी लेकाकडे चाललेत. प्रयोगशाळा बघायचीच आहे. इथंच बहुतेकांची फसगत होते. एडिसनचा १८७९चा विजेचा दिवा जिथं पेटला ते मेन्लो पार्क याच गावात, पण तिथं आता आहे तो स्मारकाचा मनोरा. ती प्रयोगशाळा हेन्री फोर्डनं १९२९ साली मिशिगनमध्ये, डिअरबॉर्नला नेऊन उभारली. जवळची खरी जागा म्हणजे न्यू जर्सीतल्याच वेस्ट ऑरेंजची त्याची १८८७ची प्रयोगशाळा, तीन मजली.

तिथला यंत्रखाना सोडू नये. छताखाली लांब शाफ्ट म्हणजे फिरता दांडा, त्यावर पुल्या, पुलीवरून लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) उतरलेले चामडी पट्टे. आपल्याकडची जुनी पट्ट्याची गिरणी आठवावी, तसंच. शिवाय ग्रंथालयातली एडिसनची छोटी खाट.

जाऊन आलेल्यांनी एवढं सांगा:
वरच्या मजल्यांसाठी लिफ्ट चालू असते का? नसली तर जिना किती चढा आहे?
फोनोग्राफ (त्याचं आवाज टिपून वाजवणारं यंत्र) वाजवून दाखवतात का, कुठल्या वारी?
ग्लेनमाँट हे त्याचं घर वेगळ्या ठिकाणी आहे. दोन्ही एका दिवसात झेपेल का? घराचा पास आधी काढावा लागतो का?

दुपारी आराम लागतो, हे धरूनच सांगा.