पहाटे चारला निघू का?
(आमच्या सोलापूरच्या सोसायटीचा ग्रुप, शुक्रवारची रात्र)

ए-१०४ वहिनी, ९:०८
रविवारी पुण्यात भाच्याचा साखरपुडा आहे, साडेदहाचा मुहूर्त. पहाटे ४ ला निघालो तर ९ पर्यंत पोचू ना? आम्ही दोघं, सासूबाई आणि धाकटा. या आठवड्यात कुणी गेलंय का? रस्ता कसाय?

सी-३०२, ९:१०
बिनधास्त निघा वहिनी. ४ ला रस्ता रिकामा असतो. मी पावणेचार तासांत पोचलोय.

बी-२०२ अण्णा (एसटी), ९:११
कधी?

सी-३०२, ९:११
मे मध्ये

बी-२०२ अण्णा (एसटी), ९:१२
मग मे मध्ये जा.

ए-२०१, ९:१४
पाणी उद्या का परवा? कुणाला मेसेज आलाय का?

सेक्रेटरी, ९:१५
उद्या संध्याकाळी ६ नंतर. मोटारी सगळ्यांनी एकदम लावू नका.

बी-२०२ सूनबाई, ९:२६
अण्णांना टाइप करायचा कंटाळा. ते बोलतायत, मी लिहितेय. अण्णा म्हणतात:
"लांबोटीला सीनेच्या पुलावर थोडं धुकं लागेल, त्याचं काही नाही. खरं धुकं टेंभुर्णी सोडल्यावर. भीमेच्या पुलापासून इंदापूर, पळसदेव, भिगवण. उजव्या हाताला उजनीचं पाणी, दोन्ही बाजूला ऊस, आणि उसाला रात्रीची लाइट असली की रात्रभर पाणी चालू. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की जमीन गार होते आणि सगळी ओल खालीच धरून बसते. लोकांना वाटतं धुकं मध्यरात्री, सकाळ झाली की संपलं. उलटं आहे. सगळ्यात दाट ६ ते ८. सूर्य उगवल्यावरसुद्धा आधी वाढतं, मग फाटतं. तुम्ही ४ ला निघालात तर भीमेच्या पुलावर साडेपाच, भिगवणला साडेसहा. म्हणजे बरोबर हिशोब करून त्याच्या तोंडात जाताय."

ए-१०४ वहिनी, ९:२९
बाप रे. हा विचारच केला नव्हता अण्णा.

सी-३०२, ९:३१
फॉग लॅम्प असतात की ओ अण्णा. आणि आता गाडी स्वतः ब्रेक मारते.

बी-२०२ सूनबाई, ९:३४
अण्णा हसतायत. म्हणतात, "कॅमेऱ्याला पण तेवढंच दिसतं जेवढं तुला. अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरवरच चालवायचं. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. दिसतंय ३० मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं संपतं."

सी-३०२, ९:३५
बरं बरं

ए-३०१ काका, ९:४१
मी मंगळवारी आलोय पुण्याहून, सांगतोच. धुक्याला मी भीत नाही, धुक्यातल्या ट्रॉलीला भितो. कारखाने जोरात चालू आहेत. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. असला तरी उसाचे शेंडे खाली लोंबून झाकून टाकतात.
भिगवणच्या अलीकडे सकाळी ७ ला मी ३५-४० ने चालवत होतो. काचेवर वाफ धरत होती म्हणून खिडकी चार बोटं खाली, रेडिओ बंद. एकदम गाणं ऐकू आलं. लग्नातलं असतं तसलं, दणदणीत. मला कळेना कुठून येतंय, रस्त्यावर तर काहीच नाही. पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग समोर ऊस दिसला. गाडी नाही, ट्रॉली नाही, नुसता ऊस, बॉनेटपासून दोन हातांवर. ट्रॅक्टरवाल्याने टेप लावला होता म्हणून आज ग्रुपवर आहे.

ए-१०३ काकू, ९:४३
अहो हे घरी सांगितलं नव्हतंत!! मी ए-३०१ वहिनींना काल विचारलं प्रवास कसा झाला ह्यांचा, त्या म्हणाल्या मस्त म्हणाले

ए-३०१ काका, ९:४३
ती पण ग्रुपवर आहे हे विसरलो.

बी-२०२ सूनबाई, ९:४७
अण्णा म्हणतात अजून एक. "ट्रॉली पंक्चर झाली की चाकाखाली दगड लावतात. काम झालं की ट्रॉली जाते, दगड तिथेच. टू-व्हीलरवाले त्याच दगडावर पडतात. दूधवाले, सकाळच्या पाळीचे कामगार, सगळे."

बी-१०१, ९:५०
चालती गाडी आणि चारही इंडिकेटर चालू, हे पण बंद करायला सांगा ओ लोकांना. कोण उभाय, कोण वळतोय, काही कळत नाही मागच्याला.

अण्णांकडून (सूनबाई), ९:५२
"बरोबर. ते उभ्या गाडीसाठी आहे. आणि उभं राहायचं तर टोलनाका किंवा पंप. रस्त्याच्या कडेला कधी नाही. डावीकडची पांढरी पट्टी धरून हळू जायचं. काचेला एसी चालू ठेवून गरम हवा मारायची, हाताने पुसायचं नाही." आणि १०३३ सेव्ह करून ठेवा म्हणतात, हायवेची मदत. ॲम्ब्युलन्सला १०८.

सी-२०४, ९:५५
आम्ही रविवारी मंगळवेढा रोडला हुरड्याला चाललोय, ७ ला निघणार होतो. ९ करतो. हुरडा कुठे पळून जातोय.

ए-१०४ वहिनी, १०:०२
वंदे भारत बघितली. सहाला सुटते, नऊ-सव्वानऊला पुणे. रविवारची वेटिंग दाखवतेय. चौघांचं कन्फर्म होणं अवघड आहे.

चेअरमन काका, १०:०४
मग उद्याच दुपारी २ ला निघा की. धुक्याचा पट्टा उजेडात संपतो. रात्री पुण्यात राहा. रविवारी परतीचंही दुपारीच ठेवा, संध्याकाळी ट्रॉल्या पुन्हा रस्त्यावर असतात.

ए-१०४ वहिनी, १०:०६
उद्या संध्याकाळी पाणी आहे ना काका. चार दिवसांनी येतंय. टाकी भरली नाही तर परत आल्यावर काय करू? सासूबाई तर त्यासाठीच थांबते म्हणतायत.

ए-१०३ काकू, १०:०७
किल्ली माझ्याकडे ठेव. मी भरते. आणि सासूबाईंना गाडीत बसव आधी.

ए-१०४ वहिनी, १०:०९
काकू बाल्कनीतला नळ नीट बंद होत नाही, खालच्यांचे कपडे भिजतात. किचनमधूनच भरा. दोन निळे ड्रम आहेत, ते पण.

ए-१०३ काकू, १०:०९
माहितीय ग. मागच्या वेळी माझेच भिजले होते.

बी-२०२ अण्णा (एसटी), १०:१२
दुपारी जाताना लांबोटीला थांबा. अर्धा किलो चिवडा. कडक असला तर चालणार नाही, दात राहिले नाहीत.