बॅकटेस्टमधे मस्त चालणारी स्ट्रॅटेजी लाइव्हमधे का झोपते?

कॅंडलवाला
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

स्ट्रॅटेजी अगदी साधी आहे. शेअर २०० दिवसांच्या सरासरीच्या वर पाहिजे, २ दिवसांचा आरएसआय (शेअर अलीकडे किती चढला-पडला ते ० ते १०० मधे सांगणारा आकडा) १० च्या खाली आला की त्या दिवसाच्या क्लोजला घ्यायचा, आणि ५ दिवसांच्या सरासरीच्या वर क्लोज दिला की विकायचा. एका मोठ्या इंडेक्समधे आत्ता जे शेअर्स आहेत ते सगळे घेतले, १० वर्षांचा जुना डेटा घेतला आणि त्यावर हे नियम चालवून बघितले, म्हणजे बॅकटेस्ट. आरएसआयचा कालावधी, एन्ट्रीची लेव्हल, सरासरीचे दिवस हे सगळं फिरवून फिरवून बघितलं आणि त्यात जे सगळ्यात चांगलं निघालं ते ठेवलं. रिझल्ट असा की वर्षाला २४%, शार्प (चढउतारांच्या मानाने नफा किती त्याचं माप) १.८, सगळ्यात मोठा ड्रॉडाऊन (वरच्या टोकापासूनची घसरण) ११%, आणि प्रत्येक ट्रेडमागे सरासरी ०.४% सुटतात, खर्चाचे ०.१% धरले तर ०.३%.

खरे पैसे लावून एक तिमाही झाली, अकाउंट जिथल्या तिथे आहे, उलट किंचित खालीच. आता मला कळत नाहीये की मार्केट बदललं, का माझं नशीब फुटकं, का बॅकटेस्ट हा प्रकारच थोतांड आहे? थांबू का चालू ठेवू?

उंटावरचा शहाणा
थोतांडच. वाईट बॅकटेस्ट कुणी चारचौघात दाखवलेला आजवर बघितलायस का? सगळ्यांचे ग्राफ डावीकडून उजवीकडे वरच जातात. मग एवढे सगळे श्रीमंत लोक आहेत कुठे?

आकडेमोड
उंटावरून खाली या आधी, आपण आकडे बघू.

कॅंडलवाला, शार्प खरोखरच १.८ असला तरी कुठलीही एक तिमाही तोट्यात जाण्याची शक्यता साधारण १८% येते, म्हणजे पाच-सहा तिमाहींतली एक. शार्प १ असेल तर ३१%. त्यामुळे एका तिमाहीवरून स्ट्रॅटेजी मेली म्हणणं घाईचं आहे, आणि एक तिमाही छान गेली असती तरी ती जिवंत आहे असं म्हणता आलं नसतं. हिशोब सोपा आहे, शार्पला वर्षांच्या वर्गमुळाने गुणायचं. तो आकडा २ पर्यंत आला की हे नुसतं नशीब नसावं असं म्हणता येतं, आणि तिथवर यायला शार्प १ वाल्याला ४ वर्षं लागतात, शार्प ०.५ वाल्याला १६. एवढी वर्षं कुणी थांबत नाही म्हणून तर सगळे बॅकटेस्टच्या मागे लागतात.

पण मला खरी भीती वाटते ती त्या "फिरवून फिरवून बघितलं" ची. समज आरएसआयच्या कालावधीला ५ पर्याय, लेव्हलला ५, मोठ्या सरासरीला ५ आणि छोटीला ५, झाले ६२५. आता सगळेच्या सगळे बिनकामाचे असले तरी ६२५ मधला पहिला नंबर दिसायला देखणाच असणार, कारण तू निवडलंसच तसं. बेली, बोरवाइन, लोपेझ दि प्रादो आणि झू यांनी २०१४ मधे यावर गणित मांडलं होतं. ५ वर्षांचाच डेटा असेल तर एकमेकांशी संबंध नसलेल्या ४५ पेक्षा जास्त व्हर्जन ट्राय करू नयेत, नाहीतर आतून शून्य असलेली वस्तूसुद्धा शार्प १ ची दिसायला लागते. तुझे ६२५ काही पूर्ण वेगळे नाहीत, ९ आणि १० ची लेव्हल भावंडंच, आणि डेटा १० वर्षांचा आहे, त्यामुळे परिस्थिती अगदी तेवढी वाईट नाही. पण १.८ हा आकडा फुगलेला आहे यावर माझी पैज.

अजून एक. २०१६ मधे क्वांटोपियन या ट्रेडिंग प्रोग्राम लिहायच्या साइटच्या लोकांनी त्यांच्याकडचे ८८८ अल्गो (ट्रेडिंग प्रोग्राम) तपासले होते, आधी बॅकटेस्ट आणि मग नंतरचा, अल्गो लिहिताना न पाहिलेला डेटा. बॅकटेस्टच्या शार्पवरून नंतरच्या कामगिरीतला अडीच टक्के फरकसुद्धा समजत नव्हता. आणि ज्याने जास्त बॅकटेस्ट चालवले त्याची नंतर जास्त घसरण!

उंटावरचा शहाणा
म्हणजे थोतांडच की. फक्त वर्गमुळासकट.

जुनं खोड
नाही हो शहाणे, एवढं एकतर्फी नाहीये. मॅक्लीन आणि पाँटिफ यांचा २०१६ चा पेपर बघा. शेअर्सचे रिटर्न्स आधीच ओळखता येतात असं सांगणारे ९७ फॉर्म्युले त्यांनी घेतले. मूळ अभ्यासाच्या काळानंतर रिटर्न्स २६% नी कमी झाले, आणि पेपर छापून आल्यावर ५८% नी. पहिल्या घसरणीत बराचसा वाटा आकडेमोड म्हणतायत त्या ओढूनताणून बसवण्याचा (फिटिंगचा), आणि दुसरी मोठी उडी लोकांनी वाचून तेच करायला घेतल्याची. पण म्हणजे बाकी ४२% उरलेच ना? शून्य नाही झाले. मोमेंटमवर (वाढलेले शेअर्स पुढेही वाढत राहतात यावर) जेगदीश आणि टिटमन यांनी १९९३ मधे लिहिलं, त्यानंतरही ते बरीच वर्षं बऱ्याच देशांत दिसत राहिलं. मग २००९ मधे, सगळ्यात मार खाल्लेले शेअर्स एकदम उसळले तेव्हा त्याच मोमेंटमवाल्यांची धूळधाण झाली हेही खरं.

आणि ऑगस्ट २००७ विसरू नका. बाहेर इंडेक्स फार हललेला नव्हता, पण त्या आठवड्यात मोठमोठ्या क्वांट (गणिती मॉडेलवर चालणाऱ्या) फंडांना एकाच वेळी जबर तोटा झाला. सगळ्यांचे मॉडेल थोड्याफार फरकाने तेच शेअर्स धरून बसलेले, एकाला पैशासाठी विकायला लागलं की बाकीच्यांच्या पोझिशन हलायच्या, मग तेही विकणार. हे कुठल्याच बॅकटेस्टमधे दिसत नाही, कारण बॅकटेस्टमधे तुझ्यासारखाच विचार करणारे आणखी किती जण आत बसलेत हा कॉलमच नसतो. २ दिवसांचा आरएसआय तर आता अख्ख्या जगाला माहितीये, त्यामुळे माझं मत, मार्केट बदललं.

आकडेमोड
ते ४२% कागदावरचे आहेत खोडकाका, खर्च वजा न करता.

रिकामटेकडा
सगळ्यांचं बरोबर आहे पण यातलं नेमकं कुठलं याच्या बाबतीत लागू होतं ते कसं ओळखायचं हे कुणीच सांगत नाहीये. ओळखता येतं. लाइव्ह चालू केल्यापासून आजपर्यंतच्याच तारखा घे आणि तोच बॅकटेस्ट तेवढ्याच दिवसांवर पुन्हा चालव. मग त्याने दाखवलेले ट्रेड आणि तुझे खरे ट्रेड शेजारी शेजारी ठेव, एकेक ओळ. बॅकटेस्टसुद्धा या तिमाहीत तोटाच दाखवत असेल तर आकडेमोड आणि खोड यांनी आपापसात भांडावं, नशीब का फिटिंग का मार्केट. पण बॅकटेस्ट नफा दाखवतोय आणि तुझ्या खात्यात तो नाही असं निघालं तर मार्केटला दोष देण्यात अर्थ नाही, भोक तुझ्या पाइपात आहे.

आणि मला वाटतं भोकच आहे, कारण तुझ्याच पोस्टमधे दोन ठिकाणी दिसतंय.

एक म्हणजे "त्या दिवसाच्या क्लोजला घ्यायचा". आरएसआय काढायला क्लोज लागतो, आणि क्लोज कळतो तेव्हा बाजार बंद झालेला असतो. मग त्याच भावाला तू घेतोस कसा?

दुसरं "आत्ता जे शेअर्स आहेत ते". यात बुडालेल्या आणि बाहेर फेकलेल्या कंपन्या नाहीत हे सगळे सांगतात, पण तुझ्या बाबतीत त्याची दुसरी बाजू जास्त घातक आहे. तुझा २०० च्या सरासरीचा फिल्टर पडणाऱ्या कंपन्यांतून थोडाफार वाचवतो. पण इंडेक्समधे नव्याने येणारी कंपनी बहुतेक वेळा आधी भरपूर वाढलेली असते, म्हणून तर ती आत येते. टेस्ला डिसेंबर २०२० मधे एस अँड पी ५०० या अमेरिकन इंडेक्समधे आली, आणि त्याच वर्षात तो शेअर कितीतरी पट झाला होता. आजची यादी घेऊन मागे गेलास की ती सगळी वाढ तुझ्या टेस्टमधे फुकट येते, आणि तू तर वर चाललेल्या शेअरमधले डिपच विकत घेतोयस, म्हणजे बरोब्बर त्याच मलईवर हात. त्या काळात ती यादी तुझ्याकडे असणं शक्यच नव्हतं.

आता खर्च. ०.१% धरलेस ते फक्त ब्रोकरेज वगैरे असणार. समज बाकीचे चार्जेस धरून ०.१५, आणि घेताना ०.१ विकताना ०.१ भाव सरकला, झाले ०.३५. तुझ्या ०.४ मधले ०.०५ उरले. बॅकटेस्टमधल्या ०.३ चा सहावा हिस्सा, आणि अजून काही चुकलेलंच नाहीये. छोट्या नफ्याच्या स्ट्रॅटेजीत असंच होतं. ट्रेडमागे ३% सुटणाऱ्या माणसाला हेच ०.३५ जाणवतसुद्धा नाही, म्हणून माझी पहिली नजर वार्षिक टक्क्यांवर न जाता ट्रेडमागच्या सरासरीवर जाते.

कॅंडलवाला
रिकामटेकडा भाऊ, दंडवत. आख्खा वीकेंड त्यातच घातला.

सिग्नल जवळपास सगळे जुळले. या तिमाहीत बॅकटेस्ट थोडा नफ्यात आहे, मी नाही. फरक मुख्यतः एन्ट्रीतच आहे, मी सिग्नल रात्री बघून दुसऱ्या दिवशी ओपनला घेत होतो आणि चांगल्यापैकी उसळणारे शेअर्स बऱ्याचदा वरच उघडतात, म्हणजे माझ्या हातात यायच्या आधीच उसळी अर्धी संपलेली. मग एन्ट्री ओपनला टाकून १० वर्षं परत चालवली तर २४ चे ९ झाले!! इंडेक्सची यादी तर अजून दुरुस्तच केलेली नाहीये.

आता विचार करतोय की ओपनला न घेता कालच्या क्लोजच्या भावाला लिमिट ऑर्डर (त्याहून महाग घ्यायचा नाही अशी ऑर्डर) लावून ठेवावी, मिळाला तर मिळाला. चालेल का?

रिकामटेकडा
नको. नीट बघ, त्यात काय होतं ते. जो शेअर वर उघडून पळाला तो तुला मिळणार नाही, आणि जो अजून खाली चाललाय तो शंभर टक्के मिळणार. म्हणजे विजेते गाळून हरणारे ठेवायची चाळणी तू स्वतःच लावतोयस. वर बॅकटेस्ट तुला सांगेल की भाव लिमिटला टेकला म्हणजे ट्रेड झाला, खऱ्या बाजारात तिथे रांग असते आणि नुसता टेकून परत फिरला तर तुझा नंबर लागलेला नसतो. तो हमखास लागतो कधी, तर भाव रांग फोडून खाली जातो तेव्हा.

त्यापेक्षा बाजार बंद व्हायच्या काही मिनिटं आधीच्या भावावर आरएसआय काढ आणि तेव्हाच घे. थोडे सिग्नल शेवटच्या क्षणी बदलतील, चालतंय, पण टेस्टसुद्धा तशीच मिनिटांच्या डेटावर कर, म्हणजे जे करणार तेच मोजलं जाईल.

जुनं खोड
ओपनवरचे ९ चे यादी दुरुस्त केल्यावर किती राहतात ते सांगा नक्की. मी अजूनही मार्केट बदललं यावर ठाम आहे, पण तिमाहीचा हिशोब तरी त्याने लागला नाही हे मान्य.

कॅंडलवाला
काका सांगतो. तोपर्यंत पैसे काढून घेतलेत, एकेकच शेअर घेऊन चालू ठेवलंय म्हणजे खरे भाव नोंदवता येतील. जुन्या याद्यांचा डेटा मात्र विकत घ्यावा लागतोय आणि सगळेच विकणारे छातीठोकपणे म्हणतात की बंद पडलेल्या कंपन्या आहेत त्यात. खरं खोटं कसं करायचं?

आकडेमोड
पैसे द्यायच्या आधी सॅम्पल माग आणि बुडालेली कंपनी शोध. अमेरिकेचा डेटा असेल तर एसव्हीबी फायनान्शियल (सिलिकॉन व्हॅली बँकेची मूळ कंपनी), मार्च २०२३ मधे बँक कोसळेपर्यंत एस अँड पी ५०० मधे होती. तिचे आधीचे भाव आहेत का आणि यादीत ती त्या तारखेपर्यंत दिसते का, दोन्ही बघ. नुसते भाव असतील आणि तारीखवार यादी नसेल तर तुझं अर्धंच काम होईल, कारण टेस्लावाला प्रॉब्लेम तसाच राहतो.