लिओनार्दोला गिलावा जमत नव्हता का?

हौशी_कुंचला

थोर चित्रकारांच्या फजित्यांवर एक हलकाफुलका लेख जुळवतोय. पहिला मानकरी अर्थातच लिओनार्दो दा विंची. मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्झिए मठाच्या भोजनगृहात त्याने साधारण 1495 ते 1498 या काळात 'लास्ट सपर' रंगवलं. 460 सेमी उंच, 880 सेमी रुंद. आणि 1517 मध्येच आंतोनिओ दे बेआतिस नावाचा प्रवासी लिहून ठेवतो की चित्र बिघडू लागलंय. वीस वर्षंसुद्धा नाहीत! आपल्या सोसायटीचा ठेकेदार असता तर अनामत जप्त झाली असती. उलट मायकेलअँजेलोचं सिस्टीन चॅपेलचं छत 1512 पासून जागेवर आहे.

तर जाणकारांनो, फ्रेस्को म्हणजे नेमकं काय करतात? लिओनार्दोचं कुठे चुकलं? मायकेलअँजेलो चार वर्षं उताणा पडून रंगवत होता हे खरं का? आपलं अजिंठा फ्रेस्को आहे की नाही? आणि घरी एखाद्या कौलावर याचा नमुना करता येईल का?

---

चुनकळी

लिओनार्दोने फ्रेस्को केलंच नाही, सगळी गोम तिथे आहे.

खऱ्या फ्रेस्कोत रंगाला चिकटवायला डिंक, अंडं, तेल काहीच नसतं. रंगाची पूड नुसत्या पाण्यात खलून ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लावायची. पाणी उडताना विरलेला चुना पृष्ठभागाकडे येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा परत चुनखडीचा दगड होतो. चुन्याच्या निवळीवर पातळ साय धरते ना, तीच ही साय. रंगाचे कण तिच्यात कैद होतात. म्हणजे रंग भिंतीवर नसतो, भिंतीत असतो.

यासाठी आधी जाड वाळूचा खडबडीत थर, त्याला अरिच्चो म्हणतात. तो सुकला की त्यावर बारीक वाळूचा पातळ थर, इंतोनाको. पण हा दुसरा थर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच लावायचा. त्या तुकड्याचं नाव जोर्नाता, शब्दशः दिवसभराचं काम. संध्याकाळी न रंगवलेला गिलावा करणीने तिरका कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या कडेला नवा भिडवायचा. सांधे लपावेत म्हणून जोर्नाताची कड बहुधा आकृतीच्या बाह्यरेषेवरून नेतात. तिरप्या उजेडात हे सांधे दिसतात, आणि कोणता तुकडा आधी लागला तेही कळतं, कारण नंतरचा गिलावा आधीच्यावर किंचित चढलेला असतो.

आता ही शिस्त आणि लिओनार्दोचा स्वभाव शेजारी ठेवा. बांदेल्लो या लेखकाने त्याला काम करताना पाहिलं होतं. तो लिहितो की एखाद्या दिवशी स्वारी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खाणंपिणं विसरून रंगवायची. मग तीन-चार दिवस ब्रशला हात नाही, नुसतं तासन्‌तास समोर उभं राहून बघणं. कधी भर दुपारी लांबून चालत यायचं, दोन फटकारे मारायचे आणि निघून जायचं. असल्या माणसासाठी चुना थांबत नाही.

म्हणून त्याने भिंत लाकडी फळीसारखी वापरली. आधी खडूसारखा पांढरा थर, त्यावर शिसाच्या सफेद्याचा पातळ अस्तर, आणि त्यावर अंडं आणि तेलाच्या माध्यमातले रंग. सोय झकास: हवं तेव्हा थांबा, परत या, थरावर थर चढवा, सावल्या मऊ करा. फळीवर हे शेकडो वर्षं टिकतं, पण भिंत आतून ओल सोडते. ती ओल बाहेर पडताना तेलकट थराला मागून ढकलते, अस्तराची पकड सुटते आणि रंगाचे पोपडे उभे राहतात. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने 1566 मध्ये पाहिलं तेव्हा त्याला नुसता डागांचा पसारा दिसला.

आणि ओलीवर सगळं खापर फोडणाऱ्यांसाठी: त्याच भोजनगृहाच्या समोरच्या भिंतीवर मोंतोर्फानोने 1495 मध्ये क्रूसारोहणाचं चित्र खऱ्या फ्रेस्कोत केलंय. खोली तीच, मिलानची हवा तीच. ते आजही ठीक दिसतं. त्यावर खालच्या कोपऱ्यांत मिलानवर राज्य करणाऱ्या स्फोर्झा घराण्याची माणसं नंतर कोरड्यावर रंगवली गेली, तीही लिओनार्दोच्या नावावर आहेत, आणि नेमकी तीच जवळपास पुसून गेलीयेत. एकाच भिंतीवर दोन्ही पद्धती आणि दोन्ही निकाल! मोंतोर्फानोचं नाव मात्र कुणाला आठवत नाही. ठेकेदार चांगला होता बिचारा.

---

खडूस_समीक्षक

'वीस वर्षांत गेलं' म्हणताना बाकीच्यांचे पराक्रमही लेखात घ्या. 1652 मध्ये मठवाल्यांनी दार मोठं करताना येशूचे पाय कापून काढले. पुढे 18व्या शतकात दोघा जणांनी 'दुरुस्ती'च्या नावाखाली वरून मनसोक्त रंगवलं. 1821 मध्ये बारेझ्झी नावाच्या गृहस्थाने चित्र भिंतीवरून सोलून काढायचा प्रयत्न केला; ते फ्रेस्को नाही हे त्याला टवके हातात आल्यावर समजलं. 1943 च्या ऑगस्टमध्ये बॉम्बने शेजारची भिंत आणि छप्पर पाडलं, पण वाळूच्या पोत्यांआड हे चित्र उभं राहिलं. शेवटी पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंनी 1978 ते 1999 अशी 21 वर्षं खपून वरची पुटं काढली. लिओनार्दोला रंगवायला तीन-चार वर्षं लागली होती.

येशूचे पाय बघायचे असतील तर जाम्पिएत्रीनोने 1520 च्या सुमारास केलेली नक्कल बघा, लंडनच्या रॉयल अकॅडमीची. येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या हाताने कलंडलेली मिठाची वाटीही तिथे नीट दिसते.

---

छतावरचा_मुंगळा

मायकेलअँजेलोचं उत्तर: उताणा पडून नाही, उभ्याने, मान मागे टाकून. पुराव्याला त्याचीच कविता आहे, जोव्हान्नी दा पिस्तोइया या मित्राला पाठवलेली. गळ्याला गाठ आलीय, दाढी आभाळाकडे, ब्रशमधला रंग थेंब थेंब तोंडावर, अशी यथास्थित रड. बाजूला चित्र काढलंय, त्यात माणूस उभा राहून डोक्यावर हात करून रंगवतोय. उताणा पडल्याची कथा त्याचा चरित्रकार योव्हिओने लॅटिनमध्ये वापरलेल्या 'मागे वाकलेला' अशा अर्थाच्या शब्दामुळे पसरली असावी.

परातीचा किस्सा छान आहे. परात म्हणजे बांधकामाची मचाण, जेवायची नव्हे. पोपचा वास्तुकार ब्रामान्ते याने छताला भोकं पाडून दोरखंडांवर ती टांगायचा घाट घातला. मायकेलअँजेलोने विचारलं, रंगवून झाल्यावर ही भोकं बुजवायची कशी? उत्तर नव्हतं. मग त्याने स्वतः भिंतींच्या आधाराने मचाण उभारली. उरलेले दोरखंड त्याने एका गरीब सुताराला देऊन टाकले आणि ते विकून आलेल्या पैशात सुताराच्या मुलीच्या हुंड्याची सोय झाली, असं त्याचे चरित्रकार सांगतात.

छत टिकलं म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून जमत होतं असं मात्र समजू नका. सुरुवात प्रलयाच्या प्रसंगापासून झाली आणि चित्रावर बुरशीच आली. हा थेट पोप ज्युलियस दुसरे यांच्याकडे गेला, की मी आधीच म्हटलं होतं, हे माझं काम नव्हे, मी मूर्तिकार. पोपने वास्तुकार जुलिआनो दा सांगाल्लोला पाठवलं. त्याने पाहून सांगितलं, गिलाव्यात पाणी फार झालंय. रोममध्ये चुन्यात वाळूऐवजी पोझ्झोलाना, म्हणजे ज्वालामुखीची राख घालतात. फ्लॉरेन्सची सवय तिथे चालत नाही. पाणी कमी केलं, काम पुढे सरकलं. पुढे हात इतका बसला की उजेड आणि अंधार वेगळे करण्याचा अख्खा प्रसंग त्याने एका जोर्नातात, म्हणजे एका दिवसात उरकला.

वीसेक वर्षांनी त्याच चॅपेलमध्ये 'लास्ट जजमेंट'ची भिंत आली. त्याचा चित्रकार मित्र सेबास्तिआनो देल पिओम्बोने ती तैलरंगासाठी तयार करून ठेवली होती. मायकेलअँजेलोने अख्खा थर उखडायला लावला आणि म्हणाला, तैलरंग बायकांचं आणि सेबास्तिआनोसारख्या आळशांचं काम. हे व्हासारीने नोंदवलंय. दोघांची मैत्री तिथेच संपली. मग 1536 ते 1541, सुमारे 450 जोर्नाते. पोपचा समारंभ-अधिकारी बिआजो दा चेझेना नग्न आकृत्यांवरून कुरकुरला, तर त्याला गाढवाचे कान लावून नरकाच्या दारात उभा केला. पुढे 1565 मध्ये दानिएले दा व्होल्तेराने त्या आकृत्यांना वस्त्रं चढवली आणि त्याला 'चड्डीवाला' हे नाव कायमचं चिकटलं.

---

गेरू_पिवडी

अजिंठ्याबद्दल. रूढ अर्थाने फ्रेस्को नाही. खडकावर मातीचा गिलावा, त्यात साळीचा तूस आणि वनस्पतींचे धागे, वर पांढऱ्याचा पातळ हात, आणि त्यावर सुकल्यानंतर डिंक-सरसाच्या जातीचा बांधक घालून रंग. म्हणजे जात लिओनार्दोचीच, कोरड्यावरची; फक्त तेल आणि शिसाचा अस्तर नाही, त्यामुळे गिलाव्याला श्वास घेता येतो. अर्थात 'टिकलं' म्हणताना किती गळून पडलंय तेही बघा. मातीच्या गिलाव्याला पाणी आणि किडे दोन्ही खातात.

आणि इटलीचं नातं आहेच. हैदराबादच्या निजामाने 1920 ते 1922 मध्ये लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी यांना चित्रं सांभाळायला बोलावलं. सुटलेला गिलावा त्यांनी बसवला हे उपकार, पण वरून लाखेचं व्हार्निश चढवलं. ते पिवळं पडलं, धूळ धरू लागलं, आणि पुढच्या पिढ्यांना ते काढत बसावं लागलं.

ओल्या गिलाव्यावरचं काम आपल्याकडे बघायचं असेल तर राजस्थानात जयपूर-शेखावाटीकडे जा. तिथे त्याला आलागीला म्हणतात आणि शेवटी अकीक घासून चकाकी आणतात.

---

चुनकळी

आता कौलावरचा नमुना. 20 सेमी चौरस, बिनचकाकीची भाजलेली फरशी किंवा कौलाची खरबरीत बाजू घ्या.

चुना: चुनकळी (भट्टीतला न विरवलेला चुना) विरवून पाण्याखाली ठेवलेला, जितका जुना तितका बरा. विरवताना चुनकळी थोडीथोडी पाण्यात टाकायची, चुनकळीवर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळतं, म्हणून भांडं लोखंडी, प्लास्टिक नको, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हा व्याप नको असेल तर पिशवीतला विरवलेला चुना पाण्यात भिजत घाला. पिशवी जुनी असेल तर चिमूटभर चुन्यावर व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर चुन्याचा आधीच खडू झालाय, टाकून द्या. पानाचा चुना वापरू नका.

वाळू: नदीची, धुतलेली. खाडीची घेतली तर महिन्याभरात लोणा (मिठाचा पांढरा थर) फुटेल.

पहिला थर 1 भाग चुना, अडीच भाग जाड वाळू, 8 ते 10 मिमी. फरशी आधी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात बुडवा, नाहीतर ती गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि थर सुटतो. वर खाचा पाडून आठवडाभर ठेवा. दुसरा थर 1 भाग चुना, एक ते दीड भाग बारीक वाळू किंवा संगमरवराची पूड, 4 ते 5 मिमी. तो लावण्याआधी खालचा परत भिजवा. थापीने दाबून लावा, पण गुळगुळीत करायच्या नादात फार घासू नका. चुना वर येतो, पृष्ठभाग बंद होतो आणि रंग आत शिरत नाही.

बोट टेकवलं तर ठसा उमटतो पण चुना बोटाला लागत नाही, तेव्हा सुरू करा. ब्रश अडखळायला लागला, रंग सरकेनासा झाला की थांबा. त्यानंतर मारलेला हात सुकल्यावर पुसला जातो.

रंग: गेरू, पिवडी, हिरवी माती, कोळशाची पूड. काजळ पाण्यावर तरंगतं, आधी दोन थेंब स्पिरिटमध्ये कालवा. पांढऱ्यासाठी चुनाच. शेंदूर, हरताळ, हळद नको. शिसाचा सफेदा तर मुळीच नको: इटलीतल्या असिसीला चिमाबुए या चित्रकाराने तो भिंतीवर वापरला, तो काळा पडला, आणि आज ते चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. अझुराइट या खनिजाचा निळा चुन्यात टिकत नाही म्हणून नंतर सरसात कालवून कोरड्यावर लावत. जोत्तोने पादुआत 1305 च्या सुमारास केलेल्या चित्रांत मेरीचा निळा झगा म्हणूनच जागोजागी गळालाय.

---

हौशी_कुंचला

लेखाची सोय झाली, आभार. एक शंका: गिलाव्याला भेगा पडल्या, किंवा सुकल्यावर रंग फिका वाटला तर?

---

चुनकळी

पहिल्या काही तासांतच जाळीसारख्या बारीक भेगा आल्या तर चुना जास्त झालाय किंवा पंख्याखाली सुकवलंय. ओलं असतानाच थापीने दाबलं तर मिटतात. काही आठवड्यांनी एकाच जागी खळगा उडाला तर आत न विरलेला खडा होता. तो ओल ओढून फुगतो. म्हणून चुना गाळूनच घ्यायचा.

फिका तर होणारच, ओल्यापेक्षा बराच. म्हणून प्रत्येक छटा आधी एखाद्या शोषणाऱ्या विटेच्या तुकड्यावर लावून बघा. पाणी पटकन ओढलं जातं आणि सुकल्यावरचा रंग तिथल्या तिथे दिसतो. आणि त्या दिवशी पुरेल त्यापेक्षा जास्त कालवून ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच छटा परत जुळवायला गेलात तर सांध्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे गेरू दिसतील.