प्रतिसाद: खचणाऱ्या जमिनीवरच्या शाळा

‘स्टीलचा सांगाडा गोदामांना ठीक, शाळांना नको’ हे वरचं मत काही पटलं नाही. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशरमध्ये कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची, भिंतींना तडे जायचे. म्हणून १९५० च्या दशकात तिथे शाळा बांधायची ‘क्लास्प’ पद्धत आली: खोल पाया नाहीच, जमिनीवर पातळ काँक्रीट स्लॅब, वर हलका स्टीलचा सांगाडा, आणि तिरप्या आधारांना चक्क स्प्रिंगा! जमीन खचली की इमारतही तिच्याबरोबर थोडी हलायची. १९६० मध्ये मिलानच्या प्रदर्शनात अशा शाळेला मोठं पारितोषिकही मिळालं.

आगीत स्टील टिकेल का, ही शंका मात्र रास्त आहे. साधारण ५५० अंश सेल्सिअसला स्टीलची ताकद निम्म्यावर येते. म्हणून त्या शाळांत खांबांभोवती आगरोधक ॲस्बेस्टॉस लावलं, पण त्याचे तंतू फुफ्फुसांना घातक, त्यामुळे ते अजून निस्तरतायत. आपल्या कोकणात तर गंजाचाही हिशेब धरावा लागेल.