अनुभव धागा: नात्यातली उघड्या छपराची जुनी महागडी गाडी घ्यावी का?

यवतेश्वर घाट (सातारा), धागाकर्ता

माझ्या मामांकडे पुण्यात ऑडी ए३ कॅब्रिओलेट आहे. २०१५ ची, पेट्रोल, कापडी छप्पर, रनिंग बेताचं. ही गाडी डिसेंबर २०१४ मध्ये भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमतच पावणेपंचेचाळीस लाखांच्या घरात होती. मामा आता सोळा म्हणतायत. गुडघ्यांमुळे त्यांना एवढ्या खाली बसणं-उठणं जमेना, आणि मामेभाऊ परदेशात. ‘बाहेर द्यायची नाही, घरातच राहू दे’ असं ते आईला फोनवर म्हणाले आणि आईने मला न विचारताच ‘घेईल की तो’ सांगून टाकलं.

आता परिस्थिती अशी, की आईच्या मते मामांशी घासाघीस करायची नाही. बायको म्हणते चार सीटा आहेत खऱ्या, पण मागच्या दोनवर मुलं इयत्ता पाचवीपर्यंतच मावतील. मला गाडी आवडते, हे लपवत नाही. रोजच्या कामाला डिझेल गाडी आहेच, ही निव्वळ हौस.

मॉडेलांची तुलना नको, ती यूट्यूबवर पोत्याने आहे. नात्यातला व्यवहार कसा पार पडला, आणि आपल्याकडच्या पावसात, घाटात, उसाच्या ट्रॉल्यांमधून अशी गाडी कशी नांदली, ते लिहा. बाइक, ट्रॅक्टर, फ्लॅट, काहीही नात्यात घेतलं असेल तरी चालेल.

विश्रामबागकर (सांगली)

घेतली आहे. साडूंकडून, दोन सीटांची, पत्र्याचं घडीचं छप्पर. गाडीचा काही त्रास नाही, साडूंचा आहे. व्यवहार होऊन पैसे पोचले, नाव बदललं, तरी दर रविवारी फोन: ‘आज काढली का? बॅटरी उतरेल हं.’ एकदा टायर बदलले तर ‘कुठली कंपनी घातली, मला विचारायचं तरी’ म्हणून आठवडाभर रुसले. आता मी त्यांना फोटो पाठवतो, विषय मिटतो.

खरी मजा लग्नसराईत. उघडी गाडी आहे म्हटल्यावर सगळ्या भावकीतल्या नवरदेवांची वरात आपल्याकडेच. पहिल्या वरातीत पोरांनी बॉनेटवर बसून फोटो काढले, हळद-कुंकू सीटच्या शिवणीत गेलं, आणि बँडच्या तालावर गाडी पहिल्या गिअरमध्ये दोन तास सरकत राहिली. रेडिएटरचा पंखा विमानासारखा ओरडत होता. नाही म्हटलं की ‘साडूंच्या वेळी मिळायची’ हे ऐकावं लागतं. एक चुलत मेहुणा तर भाड्याने लावू या म्हणत होता. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करते, हे सांगितल्यावर गप्प झाला.

तरी विकणार नाही. जानेवारीत सकाळी कृष्णाकाठच्या रस्त्याने हरिपूरला जाऊन या, मग विचारा का ते.

पेठेतला

कंदी पेढे कधी, तेवढं सांगा. बाकी चालू द्या.

नऊ नंबरचा पाना (कराड)

गॅरेज आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

कापडी छपराच्या गाडीत इंजिन शेवटी बघायचं. आधी छप्पर. ए३ चं छप्पर १८ सेकंदांत उघडतं आणि ताशी ५० किमीपर्यंत चालत्या गाडीतही उघडतं. तुम्ही घड्याळ लावा. थंड गाडीत एकदा, अर्धा तास फिरवून आल्यावर पुन्हा. मध्ये अडखळलं, एक बाजू दुसरीच्या मागे राहिली, पंपाचा आवाज चिरका आला, तर हायड्रॉलिकमध्ये काहीतरी आहे. डिकीतलं कापड उचलून सिलिंडरपाशी तेलाचा ओलावा हाताने बघा. छप्पर अजिबात हललं नाही तर घाबरू नका, बहुतेक उघड्या गाड्यांत डिकीतला सामान अडवायचा पडदा जागेवर नसला की यंत्रणा हलतच नाही. अर्धी गिऱ्हाइकं त्यासाठीच गाडी टोइंगने आणतात आणि मी चहाचे पैसे घेऊन परत पाठवतो.

दुसरं, पाणी निघायच्या नळ्या. छपरावरचं पाणी कडेच्या पन्हाळीतून बारीक नळ्यांनी खाली जातं. गाडी झाडाखाली उभी राहिली की पानं कुजून नळी बुजते, पाणी आत तुंबतं, आणि काही मॉडेलांत छपराची मोटर नेमकी त्याच खोबणीत बसवलेली असते. मोटर बुडाली की खर्च पाच आकडी नाही, सहा आकडी निघू शकतो. म्हणून काच आणि छपराच्या सांध्यावर पाइपने दहा मिनिटं पाणी सोडा, मग कार्पेटखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवून बघा. वासही घ्या. मालकाने आत अत्तराची बाटली टांगली असेल तर दोनदा घ्या.

रबरी पट्ट्या उन्हाने तडकतात, त्यांना सिलिकॉन लावत राहायचं. कापडावर धुलाई सेंटरचा प्रेशर जेट जवळून मारायचा नाही. ओलं छप्पर घडी करून ठेवायचं नाही, साताऱ्याच्या पावसात चार दिवसांत बुरशी धरते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजलेले नसतात, पण वय झालेलं असतं.

आणखी एक, ई२०, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २०१५ ची गाडी २० टक्के इथेनॉल धरून बनलेली नाही. रबरी पाइप, पंप बघून घ्या, आणि महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नका.

गाडी मामांची असली तरी तपासणी तुमच्या माणसाकडून. मामांच्या नेहमीच्या मेकॅनिकला मामांचं मीठ असतं.

धागाकर्ता

पानासाहेब, गाडी सोसायटीत झाडाखालीच उभी असते. कसलं झाड ते विचारू नका, बुचाचं.

नऊ नंबरचा पाना

म्हणजे फुलंसुद्धा. नळ्या बघाच.

आयर्विन पूल (सांगली)

आम्ही पुराच्या गावचे, त्यामुळे माझा अनुभव घेतला नाही त्याचा. २०१९ च्या पुरानंतर वर्षभराने आतेभावाने त्याच्या मित्राची उघडी गाडी दाखवली. आतेभाऊ दुवा होता, म्हणून घरचे निर्धास्त. चकचकीत, सीट कव्हरं नवी. मी सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. खालच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवलं तर नदीचा बारीक गाळ. आतेभावाला माहीतच नव्हतं, तो मनापासून म्हणत होता. नात्यातला माणूस खोटं बोलत नसेल, पण त्याला जे सांगितलं गेलंय तेच तो सांगतो.

सांगली-कोल्हापूरकडची कुठलीही गाडी असो, २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात ती कुठे उभी होती, हा प्रश्न विचारायचाच. विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मागायचा.

मिरज जंक्शन

कागदांचं मी लिहितो, कारण ‘घरातच तर आहे, नाव काय बदलायचं’ हे वाक्य माझ्या चुलत्यांनी म्हटलं होतं. त्यांनी गाडी पुतण्याला दिली, पैसे घेतले, आरसी तशीच. पुतण्याच्या हातून एका मोटरसायकलवाल्याला धडक बसली, पाय मोडला. नोटीस आली चुलत्यांना. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय, की विक्री झालेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक धरला जातो आणि भरपाईची जबाबदारी त्याची. विमा चालू होता म्हणून निभावलं, पण चुलते अजून त्या पुतण्याच्या घरी जेवत नाहीत.

तेव्हा मालक बदलाचे फॉर्म २९ आणि ३० आरटीओत ताबडतोब. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. एमएच १२ चा नंबर बदलत नाही, पत्ता साताऱ्याचा होतो, रोड टॅक्स पुन्हा लागत नाही. कर्ज होतं का बघा, असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. थकलेली ई-चलनं आधी भरून घ्या. मामांना एक्स्प्रेसवेची सवय असेल तर नक्की असतील.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर. तोपर्यंत तिसऱ्या पक्षाची भरपाई चालते, तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. मामांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मामांचा, तो गाडीबरोबर येत नाही. म्हणजे ते दाखवतात तो हप्ता तुम्हाला लागणार नाही, चांगलाच जास्त लागेल.

पैसे बँकेतूनच द्या. २ लाख किंवा वर रोख घेता येत नाही, मग तो मामा असो की जावई.

राहता राहिलं २०३०. तेव्हा गाडीला १५ वर्षं होतील. पुनर्नोंदणीचं शुल्क साध्या मोटारीला ५ हजार आणि आयात केलेल्या चारचाकीला ४० हजार, असं एप्रिल २०२२ पासून लागू झालं. ए३ सेडान औरंगाबादला जोडली जायची, कॅब्रिओलेट पूर्ण बनून बाहेरून यायची. ग्रीन टॅक्स वेगळा. किंमत ठरवताना हे धरा.

मेणवलीची (वाई)

आमच्याकडे थोडं निराळं. काका गेले, गाडी काकूंकडे, घ्यायची होती माझ्या नवऱ्याला. काकूंची दोन्ही मुलं ‘घ्या की वहिनी’ म्हणाली. पण मालक हयात नसेल तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर, बाकी वारसांची ना-हरकत, मगच विक्री. अमेरिकेतल्या दिरांचं पत्र यायला जो वेळ लागला त्यात गाडीची बॅटरी मेली आणि धाकट्या जाऊबाईंना आठवलं, की ही गाडी काकांनी त्यांना तोंडी दिली होती.

भाव मात्र आम्ही छान ठरवला. दोन त्रयस्थ ठिकाणी गाडी दाखवली, दोन्ही आकडे काकूंसमोर ठेवले आणि म्हटलं, काकू, मधला घ्या. कोणीच कोणाशी घासाघीस केली नाही. धागाकर्ते, तुमच्या आईंनाही यात हरकत नसावी. कमी पैशात घेतलेली गाडी आयुष्यभर ‘आम्ही दिली’ असते, ती वेगळीच गोष्ट.

कास रोड

दोन वर्षं वापरून लिहितोय. पावसाळाभर छप्पर बंद, कारण कास-बामणोलीकडे पाऊस थांबतच नाही. मार्च ते मे दुपारी उघडाल तर डोकं भाजतं. ऊस सुरू झाला की शिरवळपासून कागलपर्यंत कुठेही ट्रॉलीच्या मागे अडकलात की तोंडात पाचट. उरली हिवाळ्यातली सकाळ आणि काही संध्याकाळी. तेवढ्यासाठी सोळा लाख जास्त वाटत असतील तर घेऊ नका, मला वाटत नाहीत. सज्जनगडाचा रस्ता छप्पर उघडून चढताना गवताचा वास येतो, बंद गाडीत तो कधी आलाच नव्हता. स्पीडब्रेकरला मात्र तिरकी घ्यायची सवय लावा.

शाहूपुरी ३

नाही म्हणायचं असेल तर माझा उपाय. आत्यांच्या यजमानांची लाल गाडी होती. आमच्या हिने सांगितलं, गुरुजींनी लाल वाहन वर्ज्य सांगितलंय. विषय तिथेच संपला. पंचाईत एवढीच, की आता आम्हाला लाल काहीच घेता येत नाही, पाण्याची टाकीसुद्धा पांढरी बसवली.

विश्रामबागकर

मामांची कुठल्या रंगाची आहे?

धागाकर्ता

पांढरी. मार्ग बंद.

सगळ्यांचे आभार. काल पुण्याला जाऊन आलो, कराडचा एक माणूस बरोबर होता, कोण ते ओळखा. छप्पर दोन्ही वेळा सुरळीत. डाव्या नळीतून बुचाची फुलं आणि काळा चिखल निघाला, पण कार्पेट कोरडं. टायर पहिलेच, म्हणजे चारही बदलायचे. तीन चलनं निघाली, मामींना ती नवी होती, त्यामुळे चहा जरा उशिरा आला. मामांनी स्वतःच टायरांचे पैसे वजा करायचं म्हटलं. त्रयस्थ भाव अजून काढायचेत, मेणवलीच्या ताईंची पद्धत आईला सांगितली तर ती चक्क हो म्हणाली.

अडलंय वेगळीकडेच. माझ्याकडे झाकलेली पार्किंग नाही. डिझेल गाडी वर्षभर अंगणात भिजते, तिचं काही बिघडत नाही, पण कापडी छपराला ते चालणार नाही. अंगणात शेड घालायची तर शेजारच्या काकांच्या खिडकीवर पत्रा येतो आणि ते आधीच आमच्या नारळावरून नाराज आहेत. मामांना सांगितलंय, शेडचं जमलं तरच घेईन, नाहीतर बाहेर द्या, मला वाईट वाटणार नाही. ते म्हणाले, जून लागायच्या आत कळव.

नऊ नंबरचा पाना

पत्रा नको. लोखंडी सांगाड्यावर ताडपत्री घाला, खिडकीच्या खालून उतार काढता येतो. रविवारी येतो टेप घेऊन. काकांनाही बोलावून ठेवा, त्यांच्यासमोरच मापं घेऊ.