बेव्होचं बारसं आधी, डाग नंतर

नारिंगी_सदरा:
टेक्सास ए अँड एमच्या एका माजी विद्यार्थ्याने काल इथे लिहिलंय की टेक्सास विद्यापीठाच्या शुभंकर बैलाला 'बेव्हो' हे नाव त्यांच्या पोरांमुळे मिळालं. त्यांनी म्हणे बैलावर १३-० असं डागलं, मग आम्ही लाजेकाजेस्तव १३ चा बी केला, रेघेचा ई, मध्ये व्ही घुसडला आणि शून्याचा ओ. ही लोणकढी थाप आमच्या विद्यापीठाच्या गावी, ऑस्टिनला, आल्यापासून ऐकतोय. आता मराठीतही आली म्हटल्यावर राहवेना.

तारखा बघा. बैल मैदानात आला १९१६ च्या थँक्सगिव्हिंगला; तुमच्याविरुद्धचा तो अमेरिकन फुटबॉलचा सामना आम्ही २१-७ जिंकलो. डिसेंबरच्या 'अल्काल्डे' मासिकात संपादक बेन डायरने बेव्हो हे नाव छापलं. तुमचे वीर डागायला आले फेब्रुवारी १९१७ मध्ये. १९१५ चा सामना १३-० ने तुम्ही जिंकलात, त्याबद्दल अभिनंदन. पण नाव ठेवायला तुम्ही नव्हतात.

मरून_मावळा:
काल लिहिणारा मीच. पुरावा कुठला, तर तुमच्याच माजी विद्यार्थ्यांचं मासिक! बरं, पुढचं सांगताना शाई संपली का? जानेवारी १९२० मध्ये त्या बैलाचं काय केलंत? भाजून खाल्लात. आमच्या लोकांना पंगतीला बोलावून डागलेली बाजू वाढलीत आणि १३-० चं कातडं हातात दिलंत.

आमची शुभंकर कुत्री रेव्हिली बघा. १९३१ साली नावासोटा गावाहून परतताना आमच्या कॅडेट्सच्या गाडीने एका भटक्या कुत्रीला धडक दिली. पोरांनी तिला लपवून वसतिगृहात आणलं. सकाळच्या बिगुलाला, म्हणजे 'रेव्हिली'ला भुंकली, तेच नाव पडलं. १९४४ ला गेली. पुढे स्टेडियम वाढलं आणि तिच्यासकट नंतरच्या रेव्हिलींच्या थडग्यांवरून स्कोअरबोर्ड दिसेना, तर खास त्यांच्यासाठी छोटा बोर्ड लावलाय. याला म्हणतात माया.

आगाऊ_काकू:
एवढी माया, तर १९६६ पासून जातिवंत कोली कुत्रीच का लागते? भटकी आता चालत नाही वाटतं.
आणि या सामन्यापायी आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला अर्धा हॉल रिकामा राहतो, कमिटीला दरवेळी तीच तारीख सापडते. तीनशे पुरणपोळ्यांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

नारिंगी_सदरा:
काकू, +१. आणि मावळे, परंपरेच्या गप्पा मारताय तर आमच्याविरुद्धच्या सामन्याआधी ओंडके रचून पेटवायच्या तुमच्या बॉनफायरवरही बोला. १८ नोव्हेंबर १९९९. आम्ही बैल खाल्ला, तुम्ही बारा जीव घालवलेत.

मरून_मावळा:
तोंड सांभाळून. तो अपघात होता. आणि गेलेल्यांवर असं बोलायला तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?

सांगलीकर_टेक्सासात:
दोघेही जरा थांबा. मी तेव्हा ए अँड एमला शिकत होतो. रचलेली लाकडं पहाटे २:४२ ला कोसळली. मी झोपेत होतो, सायरननी जाग आली. आदल्या आठवड्यात रूममेट मला लाकूडतोडीला ओढून घेऊन गेला होता. हाताला फोड आले म्हणून परत गेलो नाही, एवढंच. घरच्यांना टीव्हीवर कळलं. वडिलांचा फोन लागला तेव्हा 'तू त्यात नव्हतास ना' हे एकच वाक्य परत परत.

अपघात म्हणून हात झटकू नका. उंचीची मर्यादा ५५ फुटांची होती, रचना ५९ वर गेली होती. चौकशीत निघालं की वरच्या थरातले ओंडके खालच्या थरात ठोकून बसवले होते. आतला ताण वाढला, आणि बाहेरून बांधलेली तार तो पेलणारी नव्हती. हे पोरांनी पोरांना शिकवलेलं काम. आणि सदरेसाहेब, स्मारकात बारा दारं आहेत, प्रत्येक दार त्या त्या मुलाच्या गावाच्या दिशेला. एकदा जाऊन या, मग टोमणे मारा.

आगाऊ_काकू:
दहीहंडीचे थर आठवले. तिथेही कोणी थांबवत नाही.

नारिंगी_सदरा:
सांगलीकर, तुमच्यापुढे काही बोलत नाही. बाकी २०२४ ला सामना परत सुरू झाला तो १७-७ कोण जिंकलं, हे मावळ्यांनी सांगावं.

मरून_मावळा:
आलात मूळ पदावर. त्याच वर्षी आमच्या विद्यापीठाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी बॉनफायर कॅम्पसवर परत आणायला नकार दिला, तेव्हा मी भयंकर चिडलो होतो. अजून पूर्ण पटलेलं नाही. बाहेर पोरं पेटवतातच. पण ५५ चे ५९ होताना अडवणारं एकही मोठं माणूस नव्हतं, हे सांगलीकरांचं घेतो. तुमचं नाही, त्यांचं.
काकू, दहीहंडीचा वेगळा धागा काढा, इथे नको.