मदत हवी आहे: लाल टोपीवालीचा लांडगा नायक, पण आजीच्या मृत्यूचं काय करू?

किशोरांसाठी ८०,००० शब्दांची कादंबरी. काळ सतराव्या शतकाचा शेवट, फ्रान्समधलं खेडं, नायिका १७ वर्षांची. आधार फ्रेंच लेखक पेरोची १६९७ची कथा नाही, जर्मन ग्रिम बंधूंचीही नाही. फ्रेंच मौखिक कथा घेतली आहे. तिथे 'ब्झू' म्हणजे माणसाचा लांडगा होणारा (वेअरवुल्फ), 'सुयांची वाट की टाचण्यांची?' असं विचारणारा. तो मुलीला एकेक कपडा आगीत टाकायला लावतो आणि ती स्वतःच्या युक्तीने सुटते. मुलीला वाचवणारा शिकारी नाहीच, म्हणून तर ही निवडली.

अडचण अशी की आजीला खाणाऱ्यावर वाचकाने प्रेम कसं करावं? आजीला नुसतं कोंडून पाहिलं, भीतीच गेली. आजीला मारणारा दुसरा लांडगा आणला, तर कच्चा मसुदा वाचणाऱ्यांनी तिसऱ्याच प्रकरणात ओळखला.

आता कवयित्री मारी द फ्रान्सच्या बाराव्या शतकातल्या 'बिस्क्लाव्रे' या लांडगा होणाऱ्या माणसाच्या काव्यकथेचा नियम घेतेय: कपडे गेले की माणूसपण परत नाही. कथा तीन आठवड्यांत संपते, पौर्णिमा एकच मिळते, त्यामुळे पौर्णिमेला लांडगा होण्याचा नियम काढला. 'नियतीने ठरवलेला जोडीदार' नको, निवड तिचीच हवी.

आजीचा मृत्यू प्रेमाआधी वाचकाला कळावा की नंतर? आणि त्याचे कपडे आगीत कोणी टाकावेत, तिने की त्यानेच?